पिकअपच्या आधी मनगट दाबून धडधड कमी होते का?

या महिन्यात ठाण्याहून आणि खाडीपलीकडून आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) नाहीतर तसलीच काही प्रोसिजर तोंडावर आलीय, जीव घाबरतोय आणि कुणीतरी सांगितलंय की ॲक्युप्रेशर करून बघ. म्हणून यावेळचं सदर सगळं ह्यालाच दिलंय. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी ३४ वर्षांची, कासारवडवलीला राहते. पहिलीच आयव्हीएफ सायकल आहे, इंजेक्शनं चालू आहेत, पुढच्या आठवड्यात बहुतेक पिकअप, म्हणजे अंडी बाहेर काढायची. क्लिनिक नौपाड्यात. सुईची भीती आता गेली, पोटात माझी मीच टोचून घेते, पण ऑपरेशन थिएटरचं, ओटीचं नाव काढलं की हात गार पडतात, रात्री ३ ला जाग येते ती येतेच. सोनोग्राफीला जाताना घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की छातीत धडधड सुरू. सोसायटीतल्या एक काकू ॲक्युप्रेशर शिकल्यात, त्या म्हणतात हातावरचे पॉइंट दाब. नणंद म्हणते टेन्शन घेतलंस तर अंडी चांगली निघणार नाहीत. आता टेन्शन येतंय ह्याचंच टेन्शन आलंय. खरंच काही उपयोग होतो का, आणि नेमकं कुठे दाबायचं?

उत्तर : आधी नणंदेचं वाक्य निकालात काढू, कारण मला वाटतं तुझ्या ३ वाजताच्या जागरणामागे ओटीपेक्षा तेच जास्त आहे. टेन्शन घेतलं म्हणून अंडी खराब निघाली, टेन्शन घेतलं म्हणून राहिलं नाही, हे आपल्याकडे इतक्या जणी इतक्या खात्रीने बोलतात की ते डॉक्टरांनीच सांगितलंय असं वाटायला लागतं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला होता, १४ अभ्यास एकत्र करून, त्यात ३,५८३ बायका होत्या. सायकल सुरू व्हायच्या आधी कोण किती घाबरलेली, कोण किती उदास हे मोजलं होतं आणि मग कुणाला दिवस राहिले ते पाहिलं, तर ह्या दोन गोष्टींचा संबंध काही लागला नाही. घाबरलेल्यांनाही राहिलं, शांत होत्या त्यांचंही फसलं. तेव्हा रात्री जाग आली तर जाग आली, तुझी अंडी काही तुझ्या मनाचा हिशोब ठेवत नाहीयेत. नणंदेला हे सांगायचं की नाही ते तू बघ, मी असते तर सांगितलं असतं.

मग ॲक्युप्रेशर कशाला करायचं, तर घाबरायला होतं ते वाईट वाटतं म्हणून, बस. रिझल्ट सुधारावा म्हणून नाही, तुला त्या अर्ध्या तासात जरा बरं वाटावं म्हणून, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

उपयोग होतो का, तर थोडा होतो, आणि हे मी काकूंच्या भरवशावर सांगत नाहीये. २००५ साली लखनौच्या संजय गांधी पीजीआयमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटवर हे करून बघितलं. काहींच्या दोन भुवयांच्या मधला पॉइंट १० मिनिटं दाबला आणि काहींना दुसरीकडेच दाब दिला, जिथे तो पॉइंट नाही. खरा पॉइंट दाबला त्यांची घबराट जास्त उतरली. पण त्यातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट पुढे आहे, दाब काढल्यावर अर्ध्या तासाने तो परिणाम टिकला नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळी काकूंकडे जाऊन सगळे पॉइंट दाबून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरले असं होणार नाही, गरज असेल तेव्हाच दाबायचं, गाडीत, वेटिंगमध्ये, गाऊन घालून बसवतात तेव्हा. आयव्हीएफच्याच पेशंटवर चीनमध्ये कानाच्या पॉइंटचा अभ्यास झालाय, २०१४ साली छापून आला, त्यातही दाब दिलेल्यांची घबराट कमी भरली. रिझल्टही चांगले आले असं त्यात लिहिलंय पण त्या एकावर उडी मारू नकोस, का ते खाली नेरुळच्या पत्रात आहे.

आता जागा सांगते, तीनच, जास्त लक्षात ठेवत बसू नकोस नाहीतर त्याचंच टेन्शन घेशील.

पहिली मनगटाची. तळहात वर कर, मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं आडवी ठेव, अनामिका घडीला टेकलेली, मग तर्जनी जिथे संपते तिथे मधोमध दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात त्यांच्या मध्ये अंगठा ठेव. मूठ हलकी आवळलीस की त्या दोऱ्या वर येतात. ह्याला पीसी ६ म्हणतात, गाडी लागते त्यांच्यासाठी बटणाचे पट्टे मिळतात ते ह्याच जागेवर बसतात. मळमळीवर ह्या पॉइंटचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय, आणि इंजेक्शनांच्या दिवसांत तसंही पोट फुगल्यासारखं, ढवळल्यासारखं होतं, तेव्हा एका दगडात दोन पक्षी. दुसरी जागा मनगटाच्या घडीवरच पण करंगळीच्या रेषेत, तिथे छोटासा खळगा लागतो. तिसरी दोन भुवयांच्या मध्ये, टिकली लावतो तिथेच, लखनौवाली. ही ओटीच्या दारात सगळ्यात सोयीची कारण हाताला सलाईन असली तरी दुसऱ्या हाताने दाबता येते.

किती जोरात? जड वाटेल, पण दुखून तोंड वाकडं होणार नाही इतपत. ‘दुखलं म्हणजे बरोबर जागा लागली’ असं म्हणणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. मनगटावर दोन-तीन मिनिटं एका हाताला, मग दुसऱ्या, भुवयांमध्ये थोडं जास्त. श्वास आत घेताना मनात चार मोज आणि सोडताना सहा, सोडायचा तो लांब. आता कुणी म्हणेल मग हा गुण पॉइंटचा की श्वासाचा की दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसलीस त्याचा, तर खोटा पॉइंट दाबलेल्यांनाही थोडं बरं वाटतंच हे असल्या बऱ्याच अभ्यासांत दिसतं. मला स्वतःला ह्यात काही अडचण वाटत नाही, फुकट आहे, जवळ आहे, चुकून दुसरीकडे दाबलं तरी बिघडत नाही. लाकडी जिमी (पॉइंट दाबायची कांडी), रोलर, काट्यांची चप्पल ह्यातलं काही विकत घ्यायची गरज नाही, अंगठा बास.

काही गोष्टी मात्र पाळ. पिकअपच्या आधी अंडाशय मोठे झालेले असतात, पोटावर दाबणं, चोळणं, तेल लावून मसाज, सगळं बंद, पीळ बसायची भीती असते. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा हेपरिनची इंजेक्शनं चालू असतील तर जोरात दाबू नकोस, काळंनिळं होतं. पिकअपच्या दिवशी बाम, अत्तर, लव्हेंडरचं तेल काही लावायचं नाही, लॅबमध्ये भ्रूण वाढवतात तिथे वास आणि वाफ नको असते, आणि काकू प्रेमाने काहीतरी चोळूनच देतील म्हणून आधीच सांगून ठेव. मनगटाचा पट्टा किंवा कानाच्या पॉइंटवर दाब राहावा म्हणून चिकटवलेली मोहरी असली तर सिस्टरला दाखव, काढ म्हणाल्या तर काढ. आणि पोट भराभर फुगतंय, वजन एक-दोन दिवसांतच वाढलंय, लघवी कमी होतेय, दम लागतोय, उलटी थांबत नाहीये, असं काही झालं तर पॉइंट दाबत बसायचं नाही, त्याच मिनिटाला क्लिनिकला फोन.

आणि एक सांगते, पॉइंट राहिले बाजूला, ओटीत काय होतं ते एकदा नीट विचारून घे. निम्मी भीती तिथेच उतरते, हे मी वर्षानुवर्षं तुमची पत्रं वाचून सांगतेय. टाके नाहीत, कापणं नाही, थोडी भूल देतात, सोनोग्राफी बघत खालच्या बाजूने बारीक सुईने अंडी काढतात, साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम, अर्धा तास धर. उपाशी कधीपासून राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, तेच ऐकायचं. थायरॉईडची किंवा झोपेची, घबराटीची गोळी चालू असेल तर मनाने बंद करायची नाही आणि त्यांच्यापासून लपवायचीही नाही. ट्रिगरच्या, म्हणजे पिकअपआधीच्या शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३४ ते ३६ तासांत पिकअप करावं लागतं म्हणून ती वेळ पाळावीच लागते, आणि तुझी धडधड घोडबंदरला सुरू होते म्हणतेस तर त्याचं औषध मनगटात नाही, त्या दिवशी मानपाडा-माजिवड्याची गर्दी व्हायच्या आत निघा नाहीतर आदल्या रात्री नौपाड्यात कुणाकडे राहायची सोय होते का बघा. ॲक्युप्रेशरने ट्रॅफिक सुटत नाही गं.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, आयटीत नाइट शिफ्ट करतो. मिसेसचं पिकअप आणि मग ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडतात ते) आहे. मी यूट्यूबवर बघून तिचे पॉइंट दाबायला गेलो तर ती वैतागली, म्हणाली हात लावू नकोस. मला काहीच करता येत नाही असं वाटतं. शिवाय पिकअपच्याच दिवशी मला वीर्याचं सॅम्पल द्यायचंय, त्याचंही दडपण आहे पण हे कुणाशी बोलणार?

उत्तर : इथे बोललात ते बरं केलंत, आणि तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते कारण पहिल्यापेक्षा तो जास्त अडलेला आहे. बाहेर सगळे ताटकळलेत, आत बायको भूलीखाली आणि तुम्हाला एका छोट्या खोलीत डबी देऊन पाठवलंय, अशा वेळी न जमणं अगदी कॉमन आहे आणि क्लिनिकवाल्यांना ते नवीन नसतं. आत्ताच फोन करून विचारा की आधीच एक सॅम्पल देऊन फ्रीज करून ठेवता येईल का, बऱ्याच ठिकाणी करतात. ते तिथे ठेवलेलं आहे एवढं माहीत असलं तरी त्या दिवशी डोक्यावरचं ओझं उतरतं. वरच्या पत्रातले मनगटाचे पॉइंट तुम्हालाही चालतात, ते काही फक्त बायकांसाठी नाहीत. आणि आदल्या रात्री शिफ्ट करू नका हो.

आता मिसेसचं. त्यांना रोज कुणी ना कुणी हात लावतंय, सुई, प्रोब, बीपीचा पट्टा, त्यात तुम्ही अंगठा घेऊन आलात, वैतागणारच. दाबू का म्हणून विचारा, नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर फक्त मनगट, टीव्ही बघता बघता, आणि त्या वेळेत डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट काय आला ह्यातलं काही काढू नका. ट्रान्सफरला बहुतेक भूल नसते, काही मिनिटांचं काम असतं, मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात आणि तसंच लघवी धरून टेबलावर पडून राहायचं हाच मोठा त्रास, तेव्हा आत येऊ देत असतील तर त्यांच्या डोक्याशी उभे राहा आणि हात धरा. तो पॉइंटवर आहे का नाही हे बघू नका.

प्रश्न : मी नेरुळहून लिहितेय. एक ॲक्युप्रेशर-ॲक्युपंक्चरवाले आहेत, ते म्हणतात ट्रान्सफरच्या आधी आणि नंतर सिटिंग घेतल्या तर सक्सेस रेट दीडपट होतो, जर्मनीचा रिसर्च दाखवला मोबाइलवर. पॅकेज महाग आहे. आमचा आधीच एक ट्रान्सफर फेल गेलाय त्यामुळे काही सोडावंसं वाटत नाही. घेऊ का?

उत्तर : त्यांनी दाखवलेला रिसर्च खरा असणार, २००२ सालचा, १६० बायकांवरचा, सुया टोचलेल्यांत ४२.५ टक्क्यांना दिवस राहिले आणि न टोचलेल्यांत २६.३ टक्क्यांना. जगभर तो गाजला आणि त्यावर पुष्कळ दुकानं उभी राहिली. पण त्यात तुलना झाली ती काहीच न केलेल्या बायकांशी, खोट्या सुयांशी नाही. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर नीट अभ्यास झाला, निम्म्यांना खरं ॲक्युपंक्चर आणि निम्म्यांना नुसतं तसं भासवणारं, तो २०१८ साली आला. त्यात मोजलं काय, तर घरी बाळ आलं का. खऱ्या गटात १८.३ टक्के आणि खोट्या गटात १७.८ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. हे त्यांच्या मोबाइलमध्ये नसेल. आणि हे दोन्ही अभ्यास सुयांचे आहेत, अंगठ्याने दाबण्याचे नाहीत, ते एकाला दुसऱ्याच्या नावावर विकतायत ते वेगळंच.

म्हणून माझं उत्तर, सक्सेस रेटसाठी एक रुपयाही देऊ नकोस. तिथे जाऊन तुला शांत वाटतं, तासभर कुणी तुझ्याशी नीट बोलतं म्हणून जायचं असेल आणि परवडत असेल तर जा, पण सुटं सिटिंग घे, पॅकेज नको, आणि सुया असतील तर नव्या सीलबंद सुया वापरतात ना ते बघ आणि तुझ्या डॉक्टरांना सांगून जा. ‘गॅरंटी’ हा शब्द ज्याने काढला तिथून उठायचं, मग तो सुयावाला असो की आयव्हीएफवाला.

फेल गेल्यानंतर काही सोडवत नाही हे मी समजू शकते, त्यावर अंगठा पुरणार नाही. २०२१ च्या एआरटी कायद्याने, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या कायद्याने, क्लिनिकवर जबाबदारी टाकलीय की जोडप्याला तज्ज्ञाकडून समुपदेशन द्यायचं, त्यात यशाची शक्यता किती हेही सांगायचं. बऱ्याच ठिकाणी ते सह्यांच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात उरकलं जातं, तर तू मागून घे, तो तुझा हक्क आहे. आणि मध्यरात्री फारच वाटलं, रडू थांबत नाही, कशातच मन नाही, तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझी लेक खारघरला राहते, तिचं ट्रान्सफर होऊन पाच दिवस झाले. मी रोज रात्री तिचे पाय चेपून देते, घोट्याच्या वर आतल्या बाजूला पण दाबायचे, तिला बरं वाटायचं. काल मैत्रीण म्हणाली तो पॉइंट गरोदरपणात दाबला तर पडतं. तेव्हापासून माझ्या जिवाचं पाणी झालंय. लेकीला सांगितलेलं नाही.

उत्तर : काकू, आधी शांत व्हा. मैत्रीण म्हणतात ते परंपरेत आहे खरं, घोट्याच्या वर चार बोटं आतल्या बाजूचा एक पॉइंट आणि हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला एक, हे दोन गरोदरपणात दाबू नयेत असं ॲक्युप्रेशरवाले सांगतात, कारण त्याने कळा येतात असं मानतात. पण पूर्ण दिवस भरलेल्या बायकांना मुद्दाम कळा याव्यात म्हणून हे पॉइंट वापरून बघितलेत आणि तिथेही ठाम असं काही हाताला लागलेलं नाही. जे नऊ महिने भरल्यावरही धड जमत नाही ते तुमच्या पाय चेपण्याने पाचव्या दिवशी होईल असं मला वाटत नाही. बीटाचा (दिवस राहिलेत का ते बघायच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट उद्या काहीही येवो, त्यात तुमच्या हाताचा दोष नसेल.

तरी आता ते दोन पॉइंट सोडून द्या, उगाच मनाला टोचणी कशाला. तळपाय हलके चोळा, मनगट धरा. पोटरीला मात्र जोर लावू नका, ह्या हार्मोनच्या औषधांत रक्ताची गाठ व्हायची शक्यता थोडी वाढते, एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय असं दिसलं तर चेपायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. लेकीला सांगायचं का म्हणाल तर मी नाही सांगणार, त्या दोन आठवड्यांत तिला काळजी करायला पुरेसं आहे.

प्रश्न : कोपरखैरणेहून. मला आयव्हीएफ नाही, एचएसजी टेस्ट सांगितलीय, नळ्या उघड्या आहेत का बघायला. मैत्रीण म्हणाली भयंकर दुखतं. भूल देत नाहीत. हे पॉइंट चालतील का?

उत्तर : चालतील, पाळी संपल्यावर करतात त्यामुळे तेव्हा गरोदरपणाचा प्रश्न नसतो, फक्त त्या पाळीपासून टेस्टपर्यंत संबंध टाळायला सांगतात ते पाळा. दुखणं प्रत्येकीचं वेगळं, बऱ्याच जणींना पाळीतल्यासारखी जोराची कळ येते ती डाय (एक्सरेत नळ्या दिसाव्यात म्हणून घालतात ते औषध) आत सोडतात तेव्हा, आणि मग उतरते, सगळं मिळून काही मिनिटं. टेबलावर पाय वर घेतलेले असतात तेव्हा हात मोकळे असतात, भुवयांच्या मधला पॉइंट दाबून धर आणि कळ आली की श्वास रोखू नकोस, तोंडाने सोड. आधी पेनकिलर घ्यायची का, कोणती आणि किती वेळ आधी, हे डॉक्टरांना आजच विचार, त्याचा अंगठ्यापेक्षा जास्त उपयोग होईल. आयोडीनची किंवा कसल्याही डायची ॲलर्जी असेल तर सांग. नंतर थोडा डाग लागतो, पॅड बरोबर ठेव, आणि ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन कर.